कोरडा कीस

कपाटाच्या कुलपाला भोक पाडून कुणीतरी काकूंचा सोन्याचा हार पळवला होता, आणि घराने चोर ठरवूनही टाकला होता. घरजावई फिटर. ड्रिल त्याचं, भोकाखाली ओघळलेलं तेल त्याचं आणि कपाटापाशी आडवी पडलेली तेलाची कुपीही त्याचीच.

"संध्याकाळपर्यंत हार आणा, नाहीतर हे घर सोडा," काकूंनी त्याला बजावलं. काकूंची लेक रडतच वहिनींकडे धावली.

वहिनी खासगी गुप्तहेर. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, त्यांच्या पिशवीचे मानकरी. कपाट पाहताच भाऊजींनी निकाल दिला. "वहिनी, यात शोधायचं काय? काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"कळसा कुणी काखेत ठेवला, ते तर बघू."

फरशीवर लोखंडाचा निळसर कीस पडला होता. वहिनींनी फुंकर मारली. कीस भुर्रकन उडून भाऊजींच्या पांढऱ्या विजारीवर बसला. त्यांनी कुरकुरत झटकला. विजार होती तशी स्वच्छ.

जावयाने कालच स्वयंपाकघराच्या लोखंडी दाराला कडी बसवली होती. वहिनींनी तिच्यावरून बोट फिरवलं. "तेल वापरलंत?"

"त्याशिवाय कसं? भोक पडेपर्यंत थेंब थेंब सोडायचं, म्हणजे ड्रिलचा फिरणारा बिट तापत नाही. मग रॉकेलच्या फडक्याने पुसायचं, साबणाने धुवायचं. नाहीतर रंग धरत नाही." त्याने हात जोडले. "बाई, मी चोर नाही हो."

माडीवरचा भाडेकरू शिंपी वैतागलेला होता. "दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा ते ड्रिल नुसतं किंचाळत होतं. एरवी यांचं ड्रिल इतकं ओरडत नाही."

काकूंचा पुतण्या मात्र खुशीत होता. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या टोकाला पट्ट्या होत्या. "चहा सांडला हातावर," तो म्हणाला. "अहो, फिटरशिवाय तेल घालणार कोण?"

वहिनींनी सगळ्यांना कपाटापुढे बोलावलं.

"भाऊजी, तेलात भोक पाडलं असतं, तर तो कीस तुमच्या विजारीला चिकटला असता. पण तो कोरडा ठणठणीत, निळा पडेपर्यंत तापलेला. ड्रिल किंचाळलं तेही कोरडं चालवल्यामुळे. म्हणजे तेल आलं भोक पडल्यानंतर! फिटर तेल वापरतो एवढंच चोराला माहीत होतं. कशासाठी, ते त्याच्या गावीही नव्हतं. ज्याने कालची कडीसुद्धा धुऊन-पुसून ठेवली, तो चोरी करून तेलाचा ओघळ मागे ठेवील?"

"मग चोर कोण?" भाऊजींनी विचारलं.

"ज्याने तापलेला बिट उघड्या चिमटीने काढला तो. चहा काय फक्त चिमटीच्या टोकांवर सांडतो? सोडा त्या पट्ट्या."

पुतण्या मागे सरकला. भाऊजींनी दार अडवलं; आज पहिल्यांदाच ते वेळेवर होते. पट्ट्या सुटल्या. दोन्ही बोटांवर बिटच्या पिळाचा तिरपा चटका उमटला होता.

"काकू, चुकलो," तो पुटपुटला. हार त्याच्या बॅगेतल्या मोज्यात निघाला.

काकूंना हार हातात घ्यायचंही सुचेना. "जावईबापू, मीच आंधळी झाले," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं. "नवं कुलूप बसवा. किल्ली तुमच्यापाशीच राहू दे."

लेक रडता रडता हसली. जावयाने ड्रिल उचललं.

"तेल?" भाऊजींनी मोठ्या जाणकारीने विचारलं.

"आधी," जावई म्हणाला आणि त्याने पहिला थेंब सोडला.