कुंताची काचेची टाकी

नागभीडला सोमाजी कंपाउंडरांच्या ओसरीवर मुखरूनं पाय ठेवला, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या लेकीनं, कुंतानं, तोंडातलं गढूळ पाणी त्याच्या सदऱ्यावर उडवलं.

"अगाई! दिसले नाई जी तुमी..."

तिच्या हातात रबरी नळी होती. काचेच्या भल्यामोठ्या टाकीतला गाळ ती नळीनं ओढून काढत होती. मुखरू रेल्वे स्टेशनवर इंजिनांना पाणी देणाऱ्या पंपावरचा फिटर. सोमाजींनी त्याला विहिरीवरचा बिघडलेला पंप पाहायला बोलावलं होतं. पंप राहिला बाजूला... तो टाकीच पाहत उभा राहिला. माणूस आडवा झोपेल एवढी लांब, आत तळ्यातले मासे, आणि वर फळीवर बुडाला भोक पाडलेलं मडकं. त्यात खाली गोटे, मग कोळसा, वर वाळू.

"हे कोनं बनवलं?"

"मीच. आधी फडकं लावलं, ते तुंबे. कापूस लावला, तो सडे. मंग हे. खालचं पानी वर ओततो, गाळून परत खाली येते."

"आमच्या इंजिनालेही एवढं साफ पानी नाई भेटत!"

ती हसली. त्यानंतर त्या पंपात रोज काही ना काही बिघाड निघू लागला.

पुढं कुंता मावशीकडे गेली. तिला खूश करावं म्हणून मुखरूनं मडक्यातली नि टाकीतली सारी वाळू, सारे गोटे घासून लख्ख केले. ती परतली तेव्हा पाणी दुधाळ झालेलं, मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"माह्यानंच झालं हे. शिव्या द्या मले," मुखरू कसाबसा म्हणाला.

"मंग देईन. आता तळ्यावर जा. बुडातले शेवाळलेले गोटे आना... धुवू नोका!"

तो धापा टाकत परतला. कुंतानं अर्धं पाणी बदललं होतं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून पदर खोचून ती लोट्यानं उंचावरून बारीक धार सोडत होती. गोटे मडक्यात गेले. तिचे हात भरून आले की लोटा त्याच्याकडे, त्याचे भरून आले की तिच्याकडे. बोटांना बोटं लागत होती...

"तुमाले कसं मालूम, धुवाचं नाई म्हनून?" मुखरूनं विचारलं.

"मीबी एकदा सारं धुतलं होतं. सारे मासे गेले. लय रडलो. गोट्यावरचं शेवाळंच पानी साफ ठेवते. तवापासून थोडं धुतो, थोडं तसंच ठेवतो."

मुखरू तिच्याकडे पाहतच राहिला. आपल्या चुकीतून एवढं शिकलेली, नि दुसऱ्याच्या चुकीवर एक शब्द न बोललेली!

दिवेलागणीला मासे एकेक करून खाली उतरले. कुंतानं सुस्कारा सोडला.

"उद्या मायले घेऊन येतो," मुखरू म्हणाला.

"मासे दाखवाले?"

"नाई... तुमाले."

कुंतानं काचेवरचा ओघळ पदरानं पुसला.

"सकाळीच या म्हना," ती हळूच म्हणाली. "दुपारपर्यंत मले दम नाई निघनार."