तू, तुम्ही आणि मधली काच

नायकाला आवाज देणाऱ्याचा नेमका त्या दिवशी घसा बसला, म्हणून हे सगळं झालं. नाहीतर आमचे मौनीबाबा आपणहून कुणाशी दोन शब्द बोलतील, तर शपथ!

मौनीबाबा म्हणजे स्टुडिओतले रेकॉर्डिस्ट. काचेपलीकडे बसून दुसऱ्यांचे आवाज टिपायचे, एवढंच त्यांचं काम. आणि ती आली होती परभाषेतल्या सिनेमाच्या नायिकेला आवाज द्यायला. समोरून कुणी बोलल्याशिवाय तिचा सूरच लागेना. शेवटी तेच घसा खाकरत म्हणाले, "मी... मी वाचू का नायकाची वाक्यं? तुम्हाला चालेल?"

"चालेल की! पण खाली मुंडी घालून वाचू नका हं."

सिनेमा भविष्यातला होता. नायिका डोळ्यांवर चष्मा चढवून एका आभासी गावात जाते, तिथे तिला तो भेटतो. मग तो खऱ्या जगातही दिसायला लागतो... आणि कुठलं जग खरं, हेच तिला कळेनासं होतं. प्रेक्षकांचा गोंधळ उडू नये म्हणून अनुवादकाने एक युक्ती केली होती. आभासी गावात नायक तिला 'तू' म्हणणार, खऱ्या जगात 'तुम्ही'.

झालं! नायकाचा आवाज मागाहून भरायचं ठरलं आणि तीन आठवडे हेडफोनमधून तिच्या कानात तो आवाज — "तू हसलीस ना, की मी कुठे उभा आहे तेच विसरतो." आणि चहाच्या सुट्टीत तोच माणूस, नजर कपात बुडवून — "तुम्ही... साखर घेता ना?"

काय म्हणावं या माणसाला! ती स्वतःवरच चिडायची. अगं वेडे, कागदावरचं वाचतोय तो! पण त्या 'तू'साठी ती रोज अर्धा तास आधी यायला लागली होती, हेही खरं.

शेवटच्या दिवशी ती माईकसमोर बसली होती, तेवढ्यात ताईचा फोन आला. दूरच्या शहरात रेडिओवर कायमची नोकरी. ताईने तिच्यासाठी शब्द टाकला होता आणि संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. नोकरी तिला हवीच होती. पण हे 'तू' खरं असेल, तर ते मागे टाकून जायचं कसं?

"यायचं तर आहेच गं ताई," ती हळूच म्हणाली. "पण इथून पाय निघत नाही."

मग शेवटचा प्रसंग. खऱ्या जगातला. नायिका दाराकडे निघालीय आणि नायकाचं वाक्य आहे, 'तुम्ही थांबा.'

हेडफोनमध्ये आवाज आला, "तू थांब."

"चुकलं. हे खरं जग आहे, 'तुम्ही' हवं."

"हो... पुन्हा घेऊ." पुन्हा लाल दिवा लागला. "तू थांब."

तिसऱ्यांदाही तेच! हेडफोन काढून ती सरळ बाहेर पॅसेजमध्ये आली. मागोमाग ते अनवाणीच धावत आले.

"काय चाललंय हे?"

"मघाशी माईक चालू राहिला होता... तुमचं बोलणं ऐकलं मी. मुद्दाम नाही ऐकलं."

"मग आता इथे म्हणा. इथे ना काच, ना कागद."

त्यांची मुंडी पुन्हा खाली गेली. तिचे डोळे भरून आले. एवढं प्रेम केलं आपण — नुसत्या एका आवाजावर!

"येते मी," ती म्हणाली.

"मला आवडतेस तू!" ते एकदम म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. कागदावर होतं म्हणून धीर झाला... वाक्यं त्याची होती, पण म्हणत मी होतो. जाऊ नकोस."

ती रडता रडता हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "असल्या कामाची मी सात वर्षं वाट बघितलीय. मी जाणार. तूच चल."

चौदा वर्षं एका खोलीत काढलेला माणूस तो! त्यांनी उघड्या दारातून आतल्या काचेकडे पाहिलं. तिने थोडी वाट पाहिली, मग वळून ती जिना उतरायला लागली.

"अगं, थांब!" मागून आवाज आला. "चपला तरी घालू दे."