तक्रारींची साक्ष

“उत्तम? डॉक्टरांना तुम्ही ‘उत्तम’ म्हणालात?” अपंगत्व तपासणीच्या निकालाचा कागद नवऱ्यापुढे धरून तिनं विचारलं, डोळ्यांत आसवं तरळली होती...

“साहेबांनी विचारलं, कसे आहात? म्हटलं, उत्तम.” तिचा निवृत्त सैनिक नवरा मान खाली घालून म्हणाला. “फौजेत दुसरं उत्तर असतं का?”

“मग परवा भिंतीला कपाळ लावून कण्हत होता तो कोण? तुमचा जुळा भाऊ?”

सीमेवर शेजारी फुटलेल्या त्या तोफगोळ्यानं त्याच्या मस्तकात अठरा वर्षं ठाण मांडलं होतं, आणि कागद म्हणत होता, डोकेदुखी सौम्य, अपंगत्व दहा टक्के! एवढ्या टक्क्यांवर सैनिकी इस्पितळातले मोठे उपचार मिळत नव्हते.

“अपील करायचं,” ती डोळे पुसून म्हणाली.

अपिलाच्या कार्यालयातला कारकून भला होता. “वहिनी, नुसता बायकोचा शब्द पुरायचा नाही. घरात राहिलेलं आणखी कुणी हवं. आणि दुखण्याच्या तारखा हव्यात.”

आणखी कुणी म्हणजे लेक... आणि ती तर चार वर्षं या घराची पायरी चढली नव्हती!

“तिला नको!” नवरा कळवळला. “बाप कामातून गेला हे पोरीला सांगायचं नाही, वचन दिलंयस तू.”

वचन! त्या वचनापायी तिनं काय काय गिळलं होतं! लेकीचं गाणं बंद केलं, मैत्रिणींना दारातून परत लावलं आणि ‘का?’ या प्रश्नाला एकच उत्तर दिलं, “मला खपत नाही म्हणून!” भगवंता, आईच्या मुखातून ते निष्ठुर असत्य ऐकताना तुझंही काळीज द्रवलं असेल!

दुसऱ्या दिवशी ती लेकीच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. काच पुसणारा लेकीचा हात थबकला.

“तू? नंबर वाढला की काय?”

“साक्ष हवीय. बाबांच्या अपिलासाठी. मी तुला काय काय करू दिलं नाही, तेवढंच लिहून दे. तारखांसकट.”

“तुझ्याविरुद्ध साक्ष?” लेक कडवट हसली. “शाळेपासून रोजनिशीत तुझी एकूण एक दुष्टाई लिहून ठेवलीय. ग्रंथ होईल!”

“मग सगळी दे. एकही गाळू नकोस.”

लेकीनं हट्टानं दुकानामागच्या आपल्या खोलीतून जुन्या रोजनिशा आणल्या आणि एकेक तारीख उतरवू लागली. स्पर्धेच्या दिवशी तानपुरा माळ्यावर टाकला, बाबा झोपले होते. वाढदिवसाला मैत्रिणींना हाकललं, बाबा झोपले होते. भर दुपारी रेडिओ हिसकावला, बाबा झोपले होते... लेखणी थांबली.

“आई... माणूस इतका झोपतो?”

ती माउली काही बोलली नाही. शब्द दिला होता ना! पण तिच्या डोळ्यांतून ओघळलेल्या धारांनी सारं सांगितलं. समोरचं गिऱ्हाईक बघत राहिलं आणि लेक काउंटर ओलांडून आईच्या गळ्यात पडली. “मी तुला काय काय बोलले गं... आणि तू ऐकून घेतलंस!”

“रडायचं नंतर,” आई म्हणाली. “आधी सही कर.”

सुनावणीला तीन अधिकारी बसले होते. लेक उभी राहून एकेक तारीख वाचू लागली. मायलेकींचं पटत नाही, एवढंच आजवर समजत आलेला तो बाप ऐकत गेला... आणि सातव्या तारखेला ताडकन उठला.

“थांब, बाळ. पुढचं मी सांगतो. साहेब, महिन्यातले दहा-बारा दिवस मला उजेड सोसत नाही. ओकाऱ्या होतात, उभं राहवत नाही. मला लाज वाटायची... आणि त्या लाजेची शिक्षा हिनं भोगली! पोटची पोर दुरावली, तरी हिनं ओठ उघडले नाहीत!”

तिघांनी आपसांत दोन शब्द बोलून घेतले. मग अध्यक्षांनी आधीचा निकाल आडव्या रेघेनं खोडला, त्याखाली ‘तीव्र, पन्नास टक्के, उपचार मंजूर’ असं लिहिलं आणि मान वर करून हळुवारपणे विचारलं, “आत्ता दुखतंय?”

त्यानं बायकोकडे पाहिलं. “हो, साहेब. सकाळपासून.”

अध्यक्ष स्वतः उठले, खिडकीचा पडदा ओढला आणि त्याच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.