नाना कुठेही जाणार नाहीत

सिनेमा विनोदी होता, थिएटर खच्चून भरलं होतं, आणि तिचे सासरे शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं टाकून खुशाल घोरत होते.

माजी सासरे, खरं तर. नवरा दोन वर्षांपूर्वी दुसरीचा हात धरून परदेशी निघून गेला. त्याचे वडील मात्र गेले नाहीत. "नातं तू तोडलंस, मी नाही," असं मुलाला फोनवरच सुनावून नाना दर नाताळच्या सुट्टीत बॅग घेऊन नातीकडे हजर व्हायचे.

पडद्यावरही नाताळच होता. एकाच घरात चार आजोबा येऊन थडकले होते... सख्खे, सावत्र, आणि एक तर नक्की कोणाचे, तेच कोणाला ठाऊक नव्हतं. तिची सहा वर्षांची चिमणी खिदळत होती. ती स्वतः मात्र शरमेने खुर्चीत बुडाली होती.

"उठवू का त्यांना?" नानांच्या पलीकडे वाकून ती कुजबुजली.

"नको... छान लागलीय झोप," तो म्हणाला. "मी जनावरांचा डॉक्टर आहे. याहून जड पेशंट अंगावर झोपलेत."

"जनावरं घोरतात?"

"इतकी सुरात नाही."

तिने तोंडावर रुमाल दाबला. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठून गेले... आणि हा वेडा, नानांना आपणहून जाग येईपर्यंत, खांदा न हलवता तसाच वाकडा बसून राहिला. ओशाळलेल्या नानांनी माफी मागता मागता सूनबाईच्या दुकानाचा पत्ताही देऊन टाकला.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. चार दिवसांनी तो समोरच्या खुर्चीत!

"काय त्रास होतो?"

"लांबचं दिसत नाही."

तिने सगळ्यात बारीक ओळ दाखवली. त्याने ती घडाघडा वाचली.

"नजर ठणठणीत आहे तुमची."

"नक्की? म्हणजे तुम्ही मला जशा दिसता, तशाच आहात?"

खोलीत अंधार होता म्हणून बरं... तिचे कान तापले होते.

"पुढचा पेशंट खोळंबलाय," ती करड्या आवाजात म्हणाली. मग, तो दाराशी पोचल्यावर — "उद्या संध्याकाळी कोणी नाहीये."

त्यानंतर बऱ्याच संध्याकाळी आल्या. तो यायचा तो स्वेटरला मांजरांचे केस चिकटवून; ती ते एकेक वेचून काढायची, आणि संपत आले की तिला वाईट वाटायचं.

पुढच्या नाताळात नाना आले, आणि या डॉक्टरला पारखायला तिचे वडीलही आले. डॉक्टर त्यांना पसंत पडला. इतका, की जेवता जेवता त्यांनी नानांकडे मोर्चा वळवला.

"आता हिचं मार्गी लागतंय, तर स्पष्टच बोलतो. पुढच्या वर्षीपासून तुम्ही येऊ नका. नव्या संसारात जुन्या सासऱ्याचं काय काम? लोक हसतील."

नानांचा घास हातातच राहिला. "बरोबर आहे तुमचं," ते हळूच म्हणाले, आणि ताटावरून उठून आत गेले. बाहेर आले ते बॅग घेऊनच. मफलर दोनदा गुंडाळला, दोनदा सुटला.

ती दारात आडवी उभी राहिली. "बॅग द्या इकडे."

"पोरी, माझ्यापायी तुझं—"

"नाना. बॅग."

बॅग हातात घेऊन ती वडिलांकडे वळली. "बाबा, मला टाकलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तूच कुठेतरी कमी पडली असशील. हे म्हणाले, माझा मुलगा चुकला. नाना कुठेही जाणार नाहीत."

"हा काय सिनेमा आहे का?" बाबा तडकले.

"नाही ना! सिनेमात शेवटी सगळे सुधारतात. तुम्ही नाही सुधारलात तरी चालेल. पण माझ्या घरात कोणाला भरल्या ताटावरून उठवायचं नाही."

बाबांनी डॉक्टरला मध्ये ओढलं. "तुम्ही तरी समजवा हिला. उद्या तुम्हालाच जड जाईल."

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. मनाशी ठरलं होतं — हा 'हो' म्हणाला, तर याच दारातून यालाही वाट दाखवायची. मग रात्रभर रडावं लागलं तरी बेहत्तर...

खुर्ची सरकली. तो जवळ आला आणि त्याने तिच्या हातातून बॅग घेतली.

"कुठे ठेवायची?" त्याने विचारलं.

चिमणीने आजोबांचं बोट धरून त्यांना परत ताटाशी नेलं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. पण बसले. ती त्याला वाट दाखवत आतल्या खोलीकडे निघाली, आणि बोळात मध्येच थबकून गर्रकन वळली.

"लग्न करशील माझ्याशी?"

"आत्ता? इथे?" तो गडबडला. "अगं, हातात बॅग आहे माझ्या..."

"म्हणूनच विचारतेय. हात मोकळे असते तर पळाला असतास."

त्याने तिच्याकडे पाहत बॅग सावकाश खाली ठेवली. दोन्ही हात मोकळे केले. आणि मग त्या मोकळ्या हातांनी तिला मिठीत घेऊन त्याने जे काही उत्तर दिलं, त्याला 'नकार' म्हणायची कोणाची छाती नव्हती.