येतो हं

फैज, तो मोबाईल बाजूला ठेव. तनया, तू पण. नाहीतर नंतर म्हणाल, खैरुद्दीनचाचा फेकतो. आमच्या फॅक्टरीतला प्रल्हाद तुम्हांला माहीत आहे ना, अजमानला राहतो तो? त्याच्याबरोबर घडलेलं सांगतोय.

मागच्या डिसेंबरात, इथल्या, यूएईच्या नॅशनल डेच्या सुट्टीतली शेवटची रात्र. प्रल्हाद, त्याची बायको हेमा आणि सहा वर्षांची मिहिका अबू धाबीकडच्या लिवाची वाळू बघून परत निघाले होते. सकाळी ड्यूटी. हायवेला गर्दी, म्हणून साहेबांनी शहाणपणा केला, आतला रस्ता धरला. दोन्हीकडे नुसतं वाळवंट. पोरगी मागे झोपलेली.

वाटेत एक कॅफेटेरिया लागला. बोर्डावर हिरवी ट्यूबलाइट, फडफडणारी. इथल्या सवयीप्रमाणे प्रल्हादने गाडीतूनच हॉर्न दिला. एक म्हातारा दोन कागदी कपांत करक, म्हणजे दुधातला कडक चहा, घेऊन आला. ऑर्डर न घेताच. "मराठी ना?" म्हणाला. हेमाला केवढा आनंद! गावाकडच्या गप्पा झाल्या. निघताना प्रल्हाद म्हणाला, "चला काका, येतो."

"या," म्हातारा म्हणाला. "वाट बघतो."

आता यात काय वावगं? आपण सगळेच असं म्हणतो. निघताना 'जातो' कुणी म्हणतं का? हेमाने मिहिकालासुद्धा हेच शिकवलेलं.

बरंच अंतर गेल्यावर पुढे हिरवा उजेड दिसला. तोच बोर्ड. तीच फडफड. हॉर्न दिलाच नाही, तरी म्हातारा काचेशी.

"आलात?"

प्रल्हाद हसला. म्हटलं, वळण चुकलं असेल. रस्ता विचारला. म्हाताऱ्याने सरळ बोट दाखवलं.

"बरं काका, येतो हं."

"या."

रस्ता सरळ. वळण नाही. एकसुद्धा नाही.

"चाचा, मे बी द जीपीएस..."

गप बस गं तनया. जीपीएस केव्हाच खलास झाला होता.

पुन्हा हिरवा उजेड.

"आलात?"

आता कुणी हसलं नाही. पेट्रोलचा दिवा लागला होता. हेमाने नवऱ्याचा हात घट्ट धरला. "अहो... येतो म्हणू नका."

"मग?"

"...जातो म्हणा."

त्याची जीभ रेटेना. मागे पोर झोपलेली, आणि असलं अभद्र बोलायचं? शेवटी बोलला.

"काका... आम्ही जातो."

म्हातारा नुसता बघत राहिला. मग हळूहळू काचेपासून मागे सरकला.

प्रल्हादने गाडी दामटली. हिरवा उजेड मागे पडला... लहान झाला... आणि समोर हायवेचे दिवे! हेमा रडायलाच लागली.

तेवढ्यात मागून झोपाळलेला आवाज आला. "मम्मा, यू सेड, नेव्हर से जातो."

"मिहू... तू जागी होतीस?"

"डोन्ट वरी. आय टोल्ड हिम प्रॉपरली."

"काय... काय सांगितलंस?"

"काका, येते हं."

...

हायवेवर पेट्रोल भरलं, बाकी कुठे थांबले नाहीत. अजमानला बिल्डिंगखाली गाडी लावली. पोरीला उचलायला प्रल्हादने मागचं दार उघडलं. ती गाढ झोपलेली. तिच्या शेजारी, सीटवर, कागदी कप.

मिहिका चहा पीत नाही. कपात दूध होतं.

वाफ येत होती.