फाईलमधले तीन ठोके

पियुष सीताबर्डीच्या एका दुकानात स्पीकर दुरुस्त करतो. आवाज कसलाही असो, आपण दहा मिनिटांत गप्प करतो, अशी त्याची स्वतःबद्दल ठाम समजूत होती. होती म्हणायचं, कारण मे महिन्यातल्या एका दुपारी तो रोशनीच्या घरी गेला.

काम साधंच होतं. रोशनी शाळेचे पाठ वाचून, रेकॉर्ड करून एका ॲपला पाठवायची. घरातली मागची खोली हाच तिचा स्टुडिओ. खिडकीच्या आतून जुनी गादी लावलेली, वाचताना कूलर बंद. आठवडाभर स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत होता, आणि त्याच्यामागे अधूनमधून टक, टक, टक. त्यापायी ॲपने दोन पाठ परत पाठवले होते.

"हे घूं म्हणजे अर्थिंगची भानगड, ताई," पियुष म्हणाला आणि त्याने लॅपटॉपचा चार्जर काढला. आवाज खरंच थांबला. त्याने मोठ्या रुबाबात रोशनीकडे पाहिलं, आणि तेवढ्यात झालं टक, टक, टक.

मग त्याने केबल बदलली, माइक काढला, दोघांचे फोन बाहेर नेऊन ठेवले. प्रत्येक वेळी थोडा वेळ शांतता, मग पुन्हा तेच. शेवटी वैतागून त्याने स्पीकरच्या दोन्ही वायरी उपटल्या आणि कान देऊन बसला. कोंडलेल्या खोलीत गादीच्या जुन्या कापसाचा वास भरून राहिला होता.

टक... टक... टक.

"वायर तर माह्या हातात आहे..." तो हळूच म्हणाला.

रोशनीने खिडकीवरच्या गादीकडे पाहिलं. ते ठोके तिच्या ओळखीचे होते, आणि नेमकं तेच तिला कुणाला सांगायचं नव्हतं.

तिचे वडील बळीराम तीस वर्षं सावनेरकडच्या कोळसा खाणीत होते. निवृत्त झाले ते छातीत धूळ घेऊनच. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि मेला तो माइक सुई पडलेलीही टिपायचा. म्हणून पाठ वाचायचा असला की रोशनी त्यांना बाहेर ओसरीत, याच खिडकीपाशी, खुर्ची टाकून द्यायची. ते हसून म्हणायचे, "तू वाच, मी बसतो गरम हवा खात." खाणीत घंटीच्या खुणांवर काम चालायचं, तीच सवय त्यांनी घरी आणली होती. काठीने खिडकीचा गज वाजवायचे. दोन ठोके म्हणजे मी बरा आहे. तीन म्हणजे ये.

मागच्या मेमध्ये, सतरा तारखेला, तीन ठोके आले होते. गादीतूनही ते तिच्या हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू आले. पाठ संपायला चार मिनिटं होती. उठलं तर सगळं पुन्हा वाचावं लागलं असतं, म्हणून ती वाचत राहिली. संपल्यावर पडद्यावर ठोक्यांच्या तीन उभ्या रेघा दिसल्या. फाईलची प्रत काढून तिने त्या आधी नीट पुसल्या, आणि मग बाहेर गेली. तोवर बळीरामांची मान छातीवर पडली होती.

आई कांताबाई त्या दिवशी भावाकडे सावनेरला होती. तिला रोशनीने सांगितलं, बाबा झोपेतच गेले, हाकही मारली नाही. वर्षभर कांताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला तेच समाधानाने सांगत आली होती, आणि प्रत्येक वेळी रोशनी उठून पाणी आणायला जायची.

"जुनी फाईल लावून पाहू," पियुषने वायरी पुन्हा जोडल्या. "तवाही हा आवाज होता का समजन."

"ती नको, दुसरी कोणतीही..." रोशनी म्हणेपर्यंत त्याने मागच्या सतरा मेची, ठोके न पुसलेली मूळ फाईल उघडली होती. वर्षभर तिने त्या फाईलला हात लावला नव्हता.

रोशनीचाच आवाज पाठ वाचत होता. शेवटी शेवटी, टक, टक, टक.

कांताबाई पन्ह्याचे गिलास घेऊन दारात उभी होती. गिलास तिच्या हातात खुळखुळले.

"हे तं त्यायची काठी आहे," ती म्हणाली. "रोशनी... तुले आयकू आलं होतं वं?"

आता खोटं बोलायला जागा नव्हती. शरमेने रोशनीला मान वर करवेना. "आलं होतं, आई."

"मंग? काहून नाही उठली?"

ती उत्तर देणार, इतक्यात फाईलमधूनच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माइकपासून दूर गेलेला रोशनीचा आवाज म्हणाला, "आली, बाबा." पावलं. कडी निघाली. दार करकरलं.

कांताबाई मटकन खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावून रडली. "गेली होतीस नं तू! मंग वर्षभर काहून लपवलं, पोरी? एकटे नाही गेले ते... एकटे नाही गेले."

रोशनी आईशेजारी जमिनीवर बसली. ती गेली नव्हती. त्या चार मिनिटांसाठी तिने आयुष्यातलं काहीही देऊन टाकलं असतं, पण ती गेली नव्हती.

पियुष मात्र स्पीकरकडे बघत होता. पाठ चालूच होता. रोशनीचा आवाज माइकजवळ बसून, एकही ओळ न चुकता, तसाच वाचत होता.

"ताई..." तो कुजबुजला, "तुमी तं वाचूनच राहिल्या... मंग बाहेर कोण गेलं?"

त्या दुपारनंतर ते ठोके बंद झाले. पियुष त्याचं श्रेय घेत नाही. रोशनीने ती फाईल नंतर एकदाच, एकटीने, शेवटपर्यंत ऐकली. दार उघडल्याचा आवाज त्या फाईलमध्ये आहे. कुणी परत आल्याचा नाही.