टेपचं दुसरं टोक

ही गोष्ट रचलेली नाही. रचायची असती तर नवरा जरा बरा दाखवला असता.

जुलै १९७८, मेलबर्नबाहेरचे डोंगर. थंडी मी म्हणत होती. माझा नवरा शिरीष आर्किटेक्ट. एका श्रीमंत माणसाने इंग्लंडमधलं पाचशे वर्षांचं लाकडी घर सुटं करून, बोटीने आणून, इथे पुन्हा उभं केलं होतं. शिरीष त्याची मापं घेत होता.

"मधू, आज आर्व्होला मदतीला चल ना. सिंपल काम आहे." दुपारला तो इथल्या लोकांसारखं आर्व्हो म्हणायचा.

मला चौथा महिना होता. तरी गेले. आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

वाटेत त्याने घराची सगळी कुळकथा ऐकवली. आधी नुसता एक उंच हॉल, मधोमध चूल. त्या धुराने छपराची लाकडं अजून काळी आहेत. पुढे कुणी धुराडं बांधलं. मग कुणी हॉलमध्ये तुळया घालून माडी केली. सगळं सांगितलं.

एक गोष्ट सोडून.

जिन्याच्या टोकाला एक बंद दार होतं. तिथे त्याने मापाच्या टेपची डबी माझ्या हातात दिली.

"तू इथेच पायरीवर बस. टेपचं टोक दाराखालून सरकव. मी पलीकडच्या जिन्याने माडीवर येऊन घेतो."

तो गेला.

थोड्या वेळाने दारापलीकडे फळ्या करकरल्या... पावलं जवळ आली... थांबली.

मी टोक सरकवलं.

कुणीतरी ते अलगद घेतलं.

पावलं लांब गेली. माझ्या हातातल्या डबीतून टेप सरसर सुटली... आणि ताठ झाली.

"शिरीष, वाचू का?"

पुन्हा हाक मारली.

सहज जिन्यातल्या खिडकीबाहेर पाहिलं.

शिरीष खाली गाडीत बसला होता.

मग टेप...?

मी दार ढकललं. पाऊल उचललं आणि कशीबशी चौकट धरली.

माडी नव्हतीच! खाली थेट हॉलची दगडी फरशी. मालकाला मूळचा उंच हॉल हवा होता, म्हणून माडी पुन्हा बसवलीच नव्हती. हे मला नंतर कळलं.

टेप हवेत सरळ ताणलेली. पलीकडचं टोक... अधांतरी.

मग ती सैल पडू लागली.

नसलेल्या फळ्या करकरत होत्या... माझ्या दिशेने.

डबी टाकली. पोट धरून जिना उतरले.

गाडीचं इंजिन चालू. तोंड फाटकाकडे. माझ्या बाजूचं दार लॉक.

काचेवर थापा मारल्या. काच बोटभर खाली आली.

"टोक घेतलं का त्याने?" शिरीषने विचारलं.

मी दाराची मूठ ओढली. उघडेना.

"मागच्या आठवड्यात माझ्याकडून घेतलं होतं, मधू. वाटलं, मला वेड लागलंय. दुसऱ्या कुणाला तरी तसं होतं का, ते बघायचं होतं."

दुसऱ्या कुणाला तरी!

"आणि मी पडले असते तर?"

त्याने हात लांबवून लॉक काढलं.

मुलगी सुखरूप झाली. संसारही केला, लोक करतात तसा. पण तो काही धरायला सांगायचा, तेव्हा माझा हात पुढे व्हायचा नाही.

टोक कुणी घेतलं, ते आजही माहीत नाही. गाडीचं दार कुणी लॉक केलं, ते माहीत आहे.